प्रतिसाद: २०२७ चा राष्ट्रपती कोण?

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की २०२७ ला उपराष्ट्रपतींनाच राष्ट्रपतिपदी बढती मिळेल. मला नाही वाटत. १९९७ मध्ये उपराष्ट्रपती नारायणन राष्ट्रपती झाले, त्यानंतर एकही उपराष्ट्रपती त्या खुर्चीत बसलेला नाही. २००७ ला उपराष्ट्रपती शेखावत उभे राहिले, पण प्रतिभाताई पाटील जिंकल्या. शिवसेना भाजपच्या आघाडीत, एनडीएत असूनही मराठी उमेदवार म्हणून त्यांच्या बाजूने गेली.

माझा अंदाज राज्यपालांकडे जातो. २०१७ ला कोविंद बिहारचे राज्यपाल होते, २०२२ ला मुर्मू झारखंडच्या माजी राज्यपाल. दोन्ही वेळा चॅनेलवाल्यांच्या यादीतली मोठी नावं बाजूलाच राहिली. त्यामुळे आजी-माजी राज्यपालांवर नजर ठेवा, त्यातही दक्षिणेतल्या किंवा एखाद्या महिलेवर.

आणि हो, हे सगळं दिल्लीतच ठरतं असं म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रपती निवडताना आमदारही मत देतात, आणि २०२२ ला महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं, म्हणजे ते १७५ मतांइतकं मोजलं गेलं. आपल्या नाशिक जिल्ह्यात १५ आमदार, म्हणजे २६२५. त्यात बागलाण, कळवण, दिंडोरी, इगतपुरी या चार जागा आदिवासी राखीव. मुर्मूंसारख्या आदिवासी उमेदवाराचं नाव आलं तेव्हा विरोधातल्या पक्षांनाही नाही म्हणणं जड गेलं, उद्धव ठाकरेंनीसुद्धा पाठिंबा दिला. पक्षाचा व्हीप, म्हणजे कुणाला मत द्यायचं याचा आदेश, इथे चालत नाही, मतदान गुप्त असतं. तुमच्या आमदाराला आत्ताच विचारा, कुणाला मत देणार म्हणून.