प्रेशर ट्रीटेड लाकडावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला खड्डे पडतायत

जावळीकर
नमस्कार मंडळी. मेढ्याहून बामणोलीला जाताना वाटेत आमचं घर आहे. गेल्या उन्हाळ्यात ओसरीपुढं प्रेशर ट्रीटेड पाइनचा डेक केला. लाकडाला हिरवट झाक आहे. कडेनं पावडर कोटिंगचा ॲल्युमिनियम अँगल मारून घेतला. पाऊस उघडल्यावर बघतो तर स्क्रूभोवती कोटिंगला फोड आलेत, आत पांढरी भुकटी आणि खाली खड्डे. त्याच मालाच्या खिडक्या भिंतीत आहेत, त्यांना काही झालेलं नाही. फॅब्रिकेटर लाकडाला नावं ठेवतो, लाकूडवाला पट्टीला. कडा धारदार झाल्यात आणि वडील रोज तिथंच बसतात, म्हणून घाई आहे.

तासगावचा बागायतदार
दादा, पट्टी खराब नाही आणि लाकूडही नाही. दोघं एकमेकांना थेट चिकटलेत, हे वाईट.

ती हिरवट झाक तांब्याची. बुरशी-वाळवी लागू नये म्हणून लाकडात तांब्याचे क्षार दाबानं भरतात. आम्ही द्राक्षवाले हे दरवर्षी बघतो. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. ते करताना मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, प्लास्टिकच्या पिंपातच भिजवतो, धातूच्या भांड्यात नाही. चुना पुरला का बघायला विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा. तुमच्या पट्टीमागं तेच चाललंय. ओल्या लाकडातून सुटलेलं तांबं ॲल्युमिनियमवर बारीक ठिपक्यांनी बसतं आणि ओल आहे तोवर त्या ठिपक्यांभोवतीचं ॲल्युमिनियम विरघळत राहतं. खिडक्यांना ना तांबं लागलं ना अशी ओल, म्हणून त्या धड आहेत. कोटिंगचं म्हणाल तर ड्रिलची भोकं आणि कापलेली टोकं उघडीच राहतात, सुरुवात तिथनं होते.

लाकडात औषध कुठलं ते लाकूडवाल्याकडून लिहून घ्या. १९३३ साली सोंती कामेसम यांनी डेहराडूनला काढलेलं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं औषध असेल, तर त्यातलं क्रोमियम तांब्याला लाकडात बरंच धरून ठेवतं. आर्सेनिक नको म्हणून पुढं आलेल्या एसीक्यू नावाच्या औषधात क्रोमियम नाही आणि तांबं जास्त, ते धातूला अधिक खातं. आणि हे कळकळीनं सांगतो, उरलेले तुकडे चुलीत, बंबात घालू नका. आर्सेनिकवालं निघालं तर धूर आणि राख दोन्ही विषारी. कामावरच्या माणसांनाही सांगून ठेवा, सरपण म्हणून तेच आधी उचलतात.

फॅब्रिकेटर, मिरज
बागायतदारांचं बरोबर आहे. आता दुरुस्ती. पट्टी काढा, आणि लाकूड पुरतं वाळल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलातच, नवी लावा. लाकूड आणि पट्टीच्या मधे ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा ईपीडीएम रबर (पाण्यात-उन्हात टिकणारं रबर) सलग घाला. भोकं पाडून, टोकं कापून झाली की त्यांना प्रायमर. स्क्रू स्टेनलेस ३०४ चे, नायलॉन वॉशर घालून. झिंक चढवलेले साधे स्क्रू या लाकडात टिकत नाहीत. नुसत्या सिलिकॉनवर भागवू नका. एक कड सुटली की पाणी आत कोंडतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

पण तुमच्याकडचा पाऊस बघता मी तिथं ॲल्युमिनियम लावणारच नाही. स्टेनलेसचा पत्रा दुमडून घ्या.

जावळीकर
दोघांचे मनापासून आभार. स्टेनलेसला तांबं लागणार नाही का?

फॅब्रिकेटर, मिरज
ॲल्युमिनियमसारखं नाही, ते तांब्यापुढं टिकतं. फक्त त्याला ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारू देऊ नका. एवढ्या मोठ्या स्टेनलेसपुढं ते बारके रिव्हेट आधी झिजतील आणि पट्टी सुटेल. रिव्हेटही स्टेनलेसचेच मागा.