मदत हवी आहे: पेपरात फुटबॉल नीट छापून यावा म्हणून काय करावं?

मंडळी, मी सांगलीचा. घरी वर्षानुवर्षं एकच पेपर येतो, पण त्यातल्या फुटबॉलच्या बातम्या आता वाचवत नाहीत. परवा स्थानिक मॅचचा स्कोअरच उलटा छापला. जिंकलेली पोरं हरलेली दाखवली! गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, काही नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची मॅचसुद्धा चार ओळींत. पूर्वी अडवलेल्या पेनल्टीचंही वर्णन यायचं, पोरं कात्रणं जपून ठेवायची.

प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जाण्याआधी संपादकांना लेखी कळवावं लागतं, हे माहीत आहे. पण मला भांडण नको, सुधारणा हवी. सगळ्यांच्या सह्यांचं पत्र द्यावं, की आपणच मॅचचा तपशील त्याच संध्याकाळी पाठवावा? मिरज-सांगलीत कुणी बातमीदारी केली असेल, तर मजकूर कसा लिहायचा, किती वाजेपर्यंत पोचवायचा, कृपया सांगा.