मदत हवी आहे: हॅल क्लायंटमध्ये रिसोर्सची स्टेट ठेवायची कशी?

नमस्कार मंडळी,

ऑफिसमधल्या एका हॅल (जेसन उत्तरातच लिंका देण्याची पद्धत) एपीआयसाठी टाइपस्क्रिप्टमध्ये क्लायंट लायब्ररी लिहितोय. युआरएल हाताने जोडायचे नाहीत, लिंका धरत जायचं, इथवर जमलंय.

सध्या एकच क्लास आहे, त्यातच युआरएल आणि त्यातच डेटा. ग्राहकांची यादी मागवली की ‘एम्बेडेड’मध्ये, म्हणजे त्याच उत्तरात आत गुंफलेला, प्रत्येक ग्राहक येतो. म्हटलं, आयता मिळालाय तर पुन्हा गेट (सर्व्हरकडून मागवणं) कशाला? सगळे आपापल्या सेल्फ लिंकखाली (स्वतःच्या युआरएलखाली) कॅशमध्ये टाकले. गेल्या आठवड्यात एकाने फोन नंबर बदलून सेव्ह केलं आणि त्या ग्राहकाचा पत्ता, जीएसटी क्रमांक साफ! यादीतली प्रत अर्धवट होती आणि पुट म्हणजे अख्खी प्रत बदलणं. एम्बेडेड प्रत अपुरी किंवा मुळाशी न जुळणारीही असू शकते, असं हॅलच्या मसुद्यात स्वच्छ लिहिलंय. वाचलं मी, पण नंतर.

आता ठरवलंय, रिसोर्स म्हणजे नुसता युआरएल आणि त्यावरची गेट-पुट. स्टेट म्हणजे त्या क्षणी हाती आलेली प्रत, लिंका आणि हेडरसकट. केटिंग या जावास्क्रिप्ट लायब्ररीत साधारण अशीच फोड आहे. एम्बेडेडमधून आलेल्या स्टेटवर ‘अपुरी’ असा शिक्का मारायचा, म्हणजे पुटआधी गेट होईल. पण ताज्या प्रतीवर युजरचा बदल चढवायचा कोणी? लायब्ररीने की अ‍ॅपने?

शिवाय पुटला २०४ (नुसतं ‘झालं’ सांगणारा कोड) येतं, बॉडी नाही. पाठवलेलीच प्रत खरी धरू का? खातं बंद केलं की ‘बंद करा’ ही लिंकही जायला हवी ना! म्हणून पुन्हा गेट करतो, एका सेव्हला दोन फेऱ्या.

आणि इफ-मॅच (‘मधे प्रत बदलली नसेल तरच सेव्ह कर’ ही अट) लावल्यापासून सर्व्हरवर दर वेळी ४१२, म्हणजे अट जुळली नाही. माझ्या मशीनवर मात्र सगळं ठीक. डोकं फिरलंय.

प्रतिसाद:
एपीआयच्या समोर एनजिनएक्स (मधला वेब सर्व्हर) आणि जीझिप (कॉम्प्रेशन) आहे का? कॉम्प्रेस करताना तो स्ट्राँग ईटॅगचा (प्रतीची नेमकी आवृत्ती सांगणारी खूण) वीक, म्हणजे ढोबळ, करतो. इफ-मॅच वीक ईटॅग जुळवतच नाही, मग ४१२ येणारच. २०४ सोबत ईटॅग आला तर पाठवलेली प्रत जशीच्या तशी ठेवली गेली असं समजा. आरएफसी ९११० (एचटीटीपीचं मानक) मध्ये तसा नियमच आहे. नाही आला तर गेट करा. बदल अ‍ॅपनेच चढवावा. लायब्ररीने फंक्शन घ्यायचं, त्याला ताजी स्टेट द्यायची, ४१२ आलं की तेच पुन्हा चालवायचं.

धागाकर्ता:
जीझिपच निघालं! त्या मार्गापुरतं बंद केलं. ईटॅग आमचा सर्व्हर २०४ सोबत पाठवत नाही, म्हणजे दोन फेऱ्या आहेतच. फंक्शनवाली कल्पना आज रात्री करून बघतो.