शब्दचर्चा : ग्रीक 'हार्मोनिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

पायथागोरसच्या पंथावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात 'हार्मोनिया' पानोपानी येतो. कोशात 'स्वरसंवाद', 'सुसंवाद', 'एकतानता' असे पर्याय मिळाले आणि बऱ्याच ठिकाणी ते खपूनही गेले. पण एके ठिकाणी 'हार्मोनियाचं माप म्हणजे चौथा आणि पाचवा' अशा अर्थाचं वाक्य आहे. सुसंवादाला माप कसलं? तिथे काय लिहू?

प्रतिसाद

वाक्य फिलोलाउसचं आहे, क्रोटोनचा, इ. स. पू. ५वं शतक. तिथे डोळे झाकून 'सप्तक' लिहा. त्या काळच्या पायथागोरसपंथीयांच्या बोलण्यात हार्मोनिया म्हणजे सा ते तार सा हे अंतर. तार निम्म्यावर दाबली की ते मिळतं, म्हणून गुणोत्तर २:१. सा-म, म्हणजे तुमचा 'चौथा', ४:३; सा-प, म्हणजे 'पाचवा', ३:२. माप जोडायचं म्हणजे इथे गुणाकार करायचा : ४/३ × ३/२ = २. प आणि म यांच्यातला फरक उरतो तो ९:८, म्हणजे एक पूर्ण स्वर.

गंमत म्हणजे चौथ्याला तो 'सिलाबा' म्हणतो. एकत्र धरलेलं, मुठीत आलेलं. शब्दातल्या अक्षरावयवाला ग्रीकांनी हेच नाव दिलं. सप्तकाला पुढे 'दिआ पासोन' हा शब्द रुळला, 'सगळ्या तारांमधून', आणि हार्मोनिया इतर अर्थांना मोकळा झाला.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण मूळ अर्थ सुतारकामातला आहे हे विसरू नका. ओडिसीच्या पाचव्या सर्गात ओडिसियस तराफा बांधतो तेव्हा लाकडं खुंट्यांनी आणि 'हार्मोनियां'नी पक्की करतो. म्हणजे सांधे! तिथून तंतुवाद्य लावण्यापर्यंत हा शब्द आला. मराठीत दोन्हीकडे चालणारा धातू घरातच आहे : लाकडं जुळतात, तंबोराही जुळवतात. म्हणून माझं मत 'जुळणी'. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या पुस्तकात डोरियन आणि फ्रिजियन या दोनच हार्मोनिया, म्हणजे वाद्य लावण्याच्या तऱ्हा, आदर्श नगरात ठेवाव्यात असं येतं. तिथे 'दोनच स्वरसंवाद ठेवावेत' म्हटलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. 'दोनच जुळण्या' म्हटलं की लगेच कळतं.

प्रतिसाद

तिथे 'मूर्च्छना' का नको? तेच सात स्वर, सुरुवात वेगळ्या स्वरापासून.

प्रतिसाद

मूर्च्छना जवळची आहे, पण ती नंतरच्या ग्रीक शास्त्रकारांच्या नेटक्या मांडणीला शोभते. प्लेटोच्या बोलण्यात हार्मोनियाबरोबर स्वभाव येतो, कुठली धीराची, कुठली रडवी. 'थाट' तर मुळीच नको, त्याबरोबर भातखंड्यांची रागांच्या वर्गीकरणाची पद्धत येते.

आणि 'संवाद' राखून ठेवा, तो 'सिम्फोनिया'साठी लागेल. दोन स्वर एकत्र येऊन एकजीव वाटणं, हा ग्रीक सिम्फोनियाचा अर्थ. आपल्याकडे नाट्यशास्त्रात ९ किंवा १३ श्रुतींच्या (सप्तकाच्या बावीस बारीक भागांच्या) अंतरावरचे स्वर संवादी, म्हणजे तेच सा-म आणि सा-प. इतका चपखल शब्द असताना तो हार्मोनियावर खर्च करणं उधळपट्टी आहे. शिवाय अनेक सुरांचे थर रचण्याची पुढची युरोपी 'हार्मनी' ग्रीकांच्या हार्मोनियात नाही.

प्रतिसाद

गणितवाल्याची भर. ६, ८, ९, १२ या चार संख्या घ्या. १२:६ सप्तक, ९:६ आणि १२:८ पंचम, ८:६ आणि १२:९ मध्यम. ६ आणि १२ यांच्यामधला ९ हा साधा अंकगणिती मध्य. ८ हा अंकगणिती आणि भूमितीय यांच्यानंतरच्या तिसऱ्या जातीचा मध्य. त्याला आधी 'उलटा' अशा अर्थाचं नाव होतं, तारेंतुमचा पायथागोरसपंथी गणिती आर्किटास म्हणतो की आम्ही त्याला 'हार्मोनिक' म्हणतो. शाळेत शिकतो तो हार्मोनिक मीन हाच, वाद्याच्या तारेवरून उतरलेला.

हिंदीत याला 'हरात्मक माध्य' म्हणतात. ज्याने घडवला त्याला सलाम : कानाला हार्मोनिकसारखा आणि अर्थाने 'हर', म्हणजे छेद, कारण १/६, १/८, १/१२ ही व्यस्तं समान अंतराने उतरतात (४/२४, ३/२४, २/२४). मराठी मुलाला मात्र 'छेद' शिकवलेला असतो, त्यामुळे हराचा हा कोटीक्रम वाया जातो.

प्रतिसाद

लोहाराच्या हातोड्यांच्या आवाजावरून पायथागोरसला ही गुणोत्तरं सुचली, ही गोष्ट लेखात असेल तर तळटीप द्या. निकोमाखुस या नंतरच्या ग्रीक गणितीने सांगितलेली आहे : १२, ९, ८, ६ वजनांचे हातोडे आणि त्यांतून निघणारे संवादी स्वर. हातोड्याच्या वजनावर स्वर असा ठरतच नाही. तारेला वजनं टांगली तरी सप्तक वर जायला दुप्पट नव्हे, चौपट ताण लागतो, हे विन्चेंझो गॅलिलेईने १५८९ मध्ये मांडलं, म्हणजे प्रसिद्ध गॅलिलिओच्या वडिलांनी. गुणोत्तरं खरी ठरतात ती लांबीची.

अवांतर : ही लांबी मोजायची एकतारी पट्टी म्हणजे 'कॅनोन'. त्याच शब्दाचं अरबीत 'कानून' झालं, वाद्यही आणि नियमही. आपल्या कायदेकानूतला 'कानू' तिकडूनच आला.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. तर फिलोलाउसपाशी 'सप्तक', प्लेटोपाशी 'जुळणी', आणि संवाद सिम्फोनियाला. विश्वाच्या हार्मोनियाचं काय करू? आकाशातले ग्रह वगैरे.

प्रतिसाद

तिथेही 'जुळणी'च, 'विश्वाची जुळणी'. जरा खडबडीत वाटेल, पण 'सुसंवाद' म्हटलं की ग्रह गप्पा मारतायत असं वाटतं. फिलोलाउसला तर दोन विजातीय गोष्टी, 'अमर्याद' आणि 'मर्यादा घालणारं', यांचा सांधाच म्हणायचा होता. सारख्या गोष्टींना हार्मोनिया लागत नाही असं तो स्पष्ट सांगतो.

प्रतिसाद

मग पेटीला 'संवादिनी' म्हणणाऱ्यांनी काय करायचं? सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या पेटीत सा-प सुद्धा ३:२ ला किंचित कमी पडतो, गांधार तर चांगलाच चढा. आर्किटासने ती हातात धरली नसती.