'डार्क' पुन्हा पाहणाऱ्यांना भाबडं म्हणणाऱ्यांसाठी

पारिजातक

('डार्क' या नेटफ्लिक्सवरच्या जर्मन काळप्रवासाच्या मालिकेच्या तिन्ही सीझनचे स्पॉयलर आहेत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं.)

परवा दुसऱ्या धाग्यावर 'तर्ककर्कश' यांनी लिहिलं की 'डार्क' पुन्हा पाहून क्लू शोधणारे लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. लेखकांना पहिल्या सीझनच्या वेळी जे सुचलं ते त्यांनी लिहिलं, शेवटी टाके घातले, आणि चाहते म्हणत बसले की सगळं आधीच ठरलेलं होतं. त्याखाली '+१' ची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

पहिल्या भागातला नाश्ता आठवा. तारीख ४ नोव्हेंबर २०१९. मिकेल पेल्याची जादू दाखवतो, त्याचा बाप उलरिक विचारतो हे कसं केलंस, आणि पोरगं म्हणतं, प्रश्न 'कसं' हा नाही, 'कधी' हा आहे. पहिल्यांदा पाहताना वाटतं, हुशार मुलगा आहे. दुसऱ्यांदा पाहताना आपल्याला माहीत असतं की हाच भूतकाळात अडकून, मोठा होऊन हानाचा नवरा मिखाएल होणार आहे, आणि मिखाएलने २१ जूनलाच गळफास घेतलेला आहे. साडेचार महिन्यांपूर्वी गेलेला माणूस आपल्या आईसमोर बसून नाश्ता करतोय आणि आईला त्याचा पत्ताही नाही. त्याच सकाळी उलरिक हानाच्या घरून धावत घरी परततो. हाना त्याची सून आहे! हे कळल्यावर तो प्रसंग मला बघवला नाही.

हे क्लू शोधून गुण मिळवणं नव्हे. ही माणसं काय गमावून बसली आहेत ते त्यांच्या आधी आपल्याला कळलेलं असतं, आणि ते जाणून त्यांच्याकडे बघणं हाच या मालिकेचा खरा अनुभव आहे. मिखाएलला वाढवणारी इनेस त्याचं शेवटचं पत्र गुपचूप उचलून ठेवते तेव्हा तिचा चेहरा पाहा. नोआ लहानग्या, ऐकू न येणाऱ्या एलिझाबेथला घड्याळ देतो ते आठवा. बाकी सगळ्यांच्या अंगावर काटा आणणारा हा माणूस त्या एका मुलीशी इतका हळुवार का वागतो? दुसऱ्या सीझनच्या शेवटी कळतं की ती त्याची होणारी बायको आणि तिची आई शार्लोटच त्यांची मुलगी. ज्यांना हे टाके वाटतात त्यांनी मालिका पाहताना मोबाइल बाजूला ठेवला होता का, हे आधी सांगावं.

तर्ककर्कश

मोबाइल दुसऱ्या खोलीत होता. आता मुद्द्याचं.

मिकेल म्हणजेच मिखाएल, हे पहिल्याच सीझनच्या मध्यावर उघड होतं. जो धक्का दहा भागांच्या आत द्यायचा आहे त्याची तयारी पहिल्या भागात असणारच, त्याला मी टाके म्हटलेलंच नाही. माझा आक्षेप तिसऱ्या सीझनला आहे. दुसरं जग, तिथली सूत्रधार ईव्हा, आणि तो फाटक्या ओठाचा बेनाम माणूस, जो एकाच वेळी तीन वयांत हिंडतो. सगळ्या गुंत्याचं मूळ तोच, असं आपल्याला सांगितलं जातं. पहिल्या सीझनमध्ये त्याचा मागमूस दाखवा. एक प्रसंग. एक वाक्य.

आणि लेखकांच्या काटेकोरपणाच्या आरत्या थोड्या हळू. १९५३ मध्ये विंडेनला, म्हणजे मालिकेतल्या गावात, अणुऊर्जा केंद्राचं बांधकाम सुरू झालेलं दाखवलंय. पश्चिम जर्मनीला १९५५ पर्यंत अणुसंशोधनाची मुभाच नव्हती. त्यांचं पहिलं वीज देणारं केंद्र काल (Kahl) नावाच्या गावातलं, तेही १९६१ मध्ये. मालिकेतल्या ३३-३३ वर्षांच्या उड्यांचा (१९५३, १९८६, २०१९) हिशेब जमवायला इतिहास दोन वर्षं मागे ओढला. जे लोक एवढं मोठं वास्तव वाकवतात त्यांनी घड्याळाचा काटासुद्धा विचारपूर्वक ठेवला असेल, यावर मी का विश्वास ठेवू?

दीडपट

मी दीडपट वेगाने, इंग्रजी डबमध्ये पाहिली. नंतर यूट्यूबवर स्पष्टीकरणाचा व्हिडिओ पाहिला. सगळं कळलं. पुन्हा पाहायची काय गरज?

पारिजातक

दीडपट, ही मालिका शांततेवर उभी आहे. माणसं बोलायच्या आधी थांबतात आणि त्या थांबण्यातच सगळं असतं. तुम्ही नेमकं तेच कापून टाकलंत. तुम्हाला गोष्ट कळली असेल, पण मालिका तुम्ही पाहिलेली नाही.

तर्ककर्कश, 'कसं नाही, कधी' हे वाक्य पुन्हा आठवा. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस दुसऱ्या जगातली मार्था येते आणि नायक योनासला सांगते, प्रश्न कोणत्या काळातून हा नाही, कोणत्या जगातून हा आहे. वाक्याची घडण हुबेहूब तीच. शीर्षकांची चित्रंही पहिल्या दिवसापासून आरशात दुमडलेली आहेत. आणि तीन सीझनमध्येच सांगायची गोष्ट आहे हे दिग्दर्शक ओडार यांनी २०१९ मध्ये, तिसरा सीझन यायच्या आधीच, जाहीर केलं होतं.

राजापूरची गंगा

तर्ककर्कश यांनी अणुऊर्जा केंद्राचा विषय काढला हे बरं झालं, कारण इतक्या चर्चा वाचल्या, लॉकेट झालं, पिवळा रेनकोट झाला, त्या केंद्राबद्दल कुणी बोलायला तयार नाही. आणि ते तर प्रत्येक दुसऱ्या दृश्यात मागे उभं आहे! गावातली अर्धी घरं त्याच्या पगारावर चालतात. १९८६ मध्ये अपघात होतो, तो दाबला जातो, पिंपं गुहेत लपवली जातात. नवी अधिकारी येते, तिला कळतं, तीही गप्प बसते. ३३ वर्षांनी तीच पिंपं ट्रकमधून इकडून तिकडे. तुम्ही काळप्रवासाची कोडी सोडवत बसलात. मला मात्र त्यात एक अख्खं गाव गप्प बसलेलं दिसलं.

माझं आजोळ माडबनच्या बाजूचं. तिथला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प सुरुवातीला कागदावर सहा अणुभट्ट्यांचा होता, प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९०० मेगावॅट. जमिनीची मोजणी झाली तेव्हा आजोबांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर त्यांना मिळालं नाही. कचरा कुठे ठेवणार, या प्रश्नाला 'त्याची काळजी नको' असं उत्तर ऐकून ते घरी आले होते. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, एक माणूस गेला. त्या घरात लहानाची मोठी झालेली मी 'डार्क' बघते तेव्हा मला ती पिंपं दिसतात. त्यासाठी दुसऱ्यांदा बघावी लागली नाही.

निवृत्त शिफ्टवाला

ताई, तुमच्या आजोबांना उत्तर मिळायला हवं होतं, यात वाद नाही. पण मालिकेतलं पिंप दाखवून खऱ्या प्रकल्पाबद्दल भीती पसरवू नका. माझी उमेदीची वर्षं तारापूरला गेली. १९६९ पासून तिथे वीज बनते आहे. माझी मुलं तिथल्या वसाहतीत वाढली. पिंपाचं झाकण उघडलं की काळा गोळा तयार होऊन जग बुडतं, हे विज्ञान नव्हे. असल्या चित्रांमुळे आमच्या नातेवाइकांनी आमच्याकडे जेवायला यायचं टाळलं होतं. ते दुःख कुठल्या मालिकेत दाखवलंय?

राजापूरची गंगा

काका, काळ्या गोळ्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. मी लपवाछपवीबद्दल बोलते आहे. तारापूरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली, त्यांच्याकडे कोण जेवायला गेलं तेही सांगा.

निवृत्त शिफ्टवाला

अक्करपट्टीचे लोक माझ्यासोबत शिफ्टला होते. त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका.

राजापूरची गंगा

आणि माडबनच्या वतीने तुम्ही. विस्थापितांना नोकरी मिळाली म्हणजे त्यांची तक्रार संपली, असं होत नाही.

म्युनिककर

दोघंही जरा थांबा. मी बव्हेरियात राहतो. १९८६ च्या एप्रिलअखेर चेर्नोबिलचा ढग इथे आला आणि नेमका तेव्हाच पाऊस पडला. माझी शेजारीण आजी अजून सांगते, पोरांना वाळूत खेळू द्यायचं नाही, ताजं दूध द्यायचं नाही, पाऊस आला की धावत घरात. आजही इथल्या जंगलातले रानडुकराचे मांस तपासून घ्यावे लागते, किरणोत्सार किलोमागे ६०० बेकरेलच्या वर असेल तर विकता येत नाही. काही रानटी अळंब्यांचंही तसंच. त्यामुळे १९८६ च्या विंडेनमध्ये आभाळातून पक्षी पडतात आणि शेतात मेंढ्या मरून पडतात, तेव्हा भारतातल्या प्रेक्षकाला ते काळाच्या भोकाचं लक्षण वाटतं. इथल्या पन्नाशीच्या माणसाला आधी ढग आठवतो.

आणि पारिजातक, तुमच्यासाठी एक खूण. घड्याळजी टानहाउसच्या काळप्रवासाच्या यंत्रात काय घालतात? सीझियम-१३७. तेच, जे इथल्या मातीत अजून आहे. त्याचं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं. १९८६ मध्ये पडलेलं आता कुठे निम्म्याच्या खाली आलंय. माणसांना मागच्या पिढीशी बांधून ठेवणारं यंत्र लेखकांनी नेमकं त्याच गोष्टीवर चालवलं. मला यात योगायोग दिसत नाही.

तर्ककर्कश

हाच तो रोग! ३० आणि ३३ यांत तीन वर्षांचा फरक आहे. जवळपास आलं की 'जुळलं' म्हणायचं. उद्या ३६ ला पण जुळवाल.

नाटे बंदर

३३ कुठून आलं ते मी सांगतो, त्याला सीझियम लागत नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. साधारण ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षं बसतात आणि गाडी मूळ जागी येते. मालिकेतही हेच कारण दिलंय. आमच्या घरी हे वेगळं शिकवावं लागत नाही. रमजान दर वर्षी मागे सरकतो, कधी पावसात, कधी थंडीत, कधी ऐन उन्हाळ्यात. दादी म्हणायची, माणसाला उन्हाळ्यातले रोजे आयुष्यात दोनदा येतात, नशीबवानाला तिसऱ्यांदा.

आता तारखा पाहा. रमजान १९५३ मध्ये मे महिन्यात सुरू झाला. १९८६ मध्येही मेमध्येच. २०१९ मध्येही मेमध्येच. विंडेनची तिन्ही वर्षं! २०१९ चे रोजे मी धरत होतो तेव्हा दादी १९८६ च्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगायची, विहिरी कशा आटल्या होत्या, आजोबा होडीवरून येऊन कसे पडवीतच आडवे व्हायचे. त्यानंतर महिन्याभरात दुसरा सीझन आला, मी बसून पाहिला आणि मला ती मालिका परकी वाटलीच नाही.

गंगाताई, तुमच्या आजोबांसारखेच प्रश्न आमच्या बंदरावरही विचारले होते. समुद्रात गरम पाणी सोडलं तर मासळीचं काय? अजून विचारतो आहोत.

निवृत्त शिफ्टवाला

गरम पाण्याचा प्रश्न रास्त आहे. त्यावर मोजमापं घेऊन बोलता येतं, आणि तसंच बोलायला हवं. पिंपांवरून नको, एवढंच माझं म्हणणं.

दीडपट

हा धागा 'डार्क'चा आहे की जैतापूरचा?

राजापूरची गंगा

ज्याला मालिकेतलं केंद्र दिसलं नाही त्याला हा प्रश्न पडणारच.

पारिजातक

नाटे बंदर, रमजानचं हे मी कुठेच वाचलं नव्हतं. मनापासून आभार. तर्ककर्कश, आता यालाही रोग म्हणणार का?

तर्ककर्कश

नाही. तो खगोलाचा हिशेब आहे आणि तो पक्का आहे. ३३ हा आकडा विचार करून घेतला, हे मी कधीच नाकारलं नव्हतं. नोआच्या घड्याळाबद्दलही फार ताणत नाही. पहिल्या सीझनमधलं त्याचं वागणं दुसऱ्याशी बांधलेलं असावं, इतपत मान्य. 'कसं-कधी' आणि 'काळ-जग' मात्र नाही. जुनी संहिता समोर ठेवून तसं वाक्य कुठलाही बरा लेखक लिहील. ओडार यांनी तीन सीझन ठरवले होते म्हणजे तिसऱ्यात काय असेल तेही ठरवलं होतं, असंही होत नाही. बेनाम माणसाचा पुरावा मागितला होता, तो अजून आलेला नाही.

पारिजातक

त्याचा पुरावा पहिल्या सीझनमध्ये नाही, आणि मी तो ओढूनताणून काढणार नाही. पण तिसऱ्या सीझनचा शेवट ज्या एका गोष्टीवर टेकला आहे ती पहिल्या सीझनमध्ये आहे. रेगिना. शेवटच्या जेवणाच्या टेबलावर ती जिवंत आहे, कारण ती त्या गुंत्यातून जन्मलेलीच नाही. तिचा बाप अणुऊर्जा केंद्र उभारणारा बेर्न्ड डॉपलर. पहिला सीझन पुन्हा पाहा. तिची आई क्लाउडिया आणि उलरिकचा बाप ट्रॉन्टं यांचं प्रकरण १९८६ मध्ये स्पष्ट दाखवलंय, त्यामुळे आपण सगळ्यांनी बाप ट्रॉन्टं धरून टाकला. रेगिनाच्या बापाचं नाव मात्र तिथे कुणाच्याच तोंडी घातलेलं नाही. ज्या मालिकेत प्रत्येक जण कुणाचा कोण हे ठासून सांगितलं जातं, तिथे ही एकच जागा मोकळी का ठेवली?

तर्ककर्कश

मोकळी जागा म्हणजे योजना नव्हे. पुढे काय भरायचं हे ठरलेलं नसतं तेव्हाही जागा मोकळीच राहते.

म्युनिककर

मग पाहा आणि सांगा. १९८६ मधले क्लाउडियाच्या घरातले प्रसंग. जर्मन आवाजात, सबटायटल लावून, कारण डबमध्ये रेगिना आईशी किती तुटक बोलते ते जातं.

तर्ककर्कश

पाहीन, तेवढेच प्रसंग. आणि रेगिनाचा बाप म्हणून ट्रॉन्टंबद्दल एक अक्षर जरी कुठे सापडलं तरी इथे येऊन लिहीन, सापडलं नाही तरी लिहीन.

राजापूरची गंगा

शिफ्टवाले काका, गरम पाण्यावर वेगळा धागा काढते आहे. तारापूरच्या समुद्राची मोजमापं तुम्हाला माहीत असतील तर तिथे लिहा. नाटे बंदर, तुम्हीही या.