व्हीगनला मराठीत काय म्हणायचं? (आईने ताक मागितलं त्यावरून)

आई पुण्याहून आलीये महिनाभरासाठी, तिला घेऊन परवा शिमोकिताझावाला गेलो होतो. तोक्योत राहणाऱ्यांना माहितीच असेल, शिबुयाहून इनोकाशिरा लाइनची एक्सप्रेस पकडली की पुढचंच स्टेशन, जुन्या कपड्यांची दुकानं, छोटी छोटी नाटकाची थिएटरं, सगळी तरुण पोरं. तिथे एक जपानी हॉटेल आहे पूर्ण व्हीगन, म्हणजे मांस-मासे तर नाहीतच, दूध-तूपसुद्धा नाही. आईने दारातच विचारलं, "शुद्ध शाकाहारी आहे ना रे?" मी आपलं हो म्हणून टाकलं. मिसो सूप आवडलं, टोफूची भजी आवडली, आणि मग म्हणते आता वाटीभर ताक सांग. झालं. तिला समजावताना मराठीत शब्दच सापडेना. शाकाहारी म्हणावं तर दूध-तूप आलंच. काय म्हणता तुम्ही लोक?

प्रतिसाद : गंमत म्हणजे 'शाक' म्हणजे भाजीपाला, म्हणजे शब्दाप्रमाणे गेलं तर व्हीगनच खरा शाकाहारी 😀 दूध कुठल्या झाडाला लागतं? पण वापर तसा नाहीये, आपल्याकडे पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध चालतं, म्हणून तर २०२२ मध्ये सरकारने व्हीगनसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह काढलं. 'वनस्पत्याहारी' असंही सुचवतात लोक, पण मला तो शब्द ऐकला की शेळी आठवते.

प्रतिसाद : जपानीत उलटी भानगड आहे. "निकु नाशी" म्हणजे मांस नको असं सांगितलं तर बिनधास्त मासा येतो, कारण निकु म्हणजे मटण-चिकन, मासा त्यात धरतच नाहीत. आपणही 'मांस-मच्छी' असं जोडीनेच म्हणतो की. आणि मासा दिसला नाही तरी दाशीत असतो. कात्सुओ नावाचा मासा धुरी देऊन लाकडासारखा कडक सुकवतात, त्याच्या किसाचं पाणी म्हणजे नेहमीची दाशी, ते सूपमध्ये, सॉसमध्ये, कशातही. व्हीगनवाले कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेले शिताके मशरूम घालून करतात. 'उमामी' हा शब्द त्या कोंबूतूनच आला, १९०८ साली इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी त्यातला ग्लुटामेट वेगळा काढला आणि चवीला नाव दिलं. मराठीत त्याला खमंग म्हणू नका प्लीज, खमंग हा वासाचा शब्द आहे.

प्रतिसाद : जपानीत व्हीगन हा उसना शब्द, पण त्यांच्याकडे जुना शब्द आहेच, शोजिन र्‍योरी, बौद्ध मठातलं जेवण. कांदा-लसूण पण वर्ज्य, आपल्या चातुर्मासासारखं. आता शोजिन कुठून आला बघा, बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना संस्कृत 'वीर्य' या शब्दाचं जे भाषांतर केलं ते हे! वीर्य म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न, बौद्धांच्या सहा पारमितांमधली (अंगी बाणवायच्या गुणांमधली) चौथी. पण मराठीत त्या शब्दाचं आता काय झालंय ते आपण जाणतोच, त्यामुळे 'वीर्य-भोजन' अशी पाटी लावायचा विचारही करू नका.

प्रतिसाद : 😂😂 थोडं अवांतर, जपानीत पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगीजांचे.

मूळ लेखक : वरचं सगळं आईला वाचून दाखवलं (वीर्य सोडून). ती म्हणाली एवढं कशाला, बिनदुधाच्या चहाला कोरा चहा म्हणतो ना, मग हे कोरं जेवण. मला फार आवडला शब्द.

प्रतिसाद : काकूंना नमस्कार, पण कोरं जेवण म्हटलं तर आमच्याकडे सगळे विचारतील, आमटी नाही का?