हायलँड बाउंड्री फॉल्ट: उंची आली कुठून?

हायलँड बाउंड्री फॉल्ट म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ हायलँड भाग आणि त्याच्या दक्षिणेचा सखल भाग यांच्यामधला भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकले ती भेग. तिच्या उत्तरेची बाजू उचलली गेली म्हणून स्कॉटलंडचे हे डोंगर उभे राहिले, असं म्हटलं जातं. हे अर्धंच बरोबर. या भ्रंशावरची मोठी हालचाल कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंडावली. आज दिसणारा उंचीतला फरक मुख्यतः झिजेचा आहे. उत्तरेला कणखर रूपांतरित खडक, दक्षिणेला त्यामानाने मऊ लाल वालुकाश्म. नद्यांनी आणि हिमनद्यांनी मऊ बाजू जास्त खरवडली. प्रत्यक्ष रेघ बघायची असेल तर लॉक लोमंड तळ्याकाठच्या बाल्माहाहून कॉनिक हिल चढा (दम लागतो, पण टेकडीच आहे). इंचकायलॉक, टॉरिंच, क्रीन्च, इंचमरिन ही बेटं तळ्यात ओळीने दिसतात, भ्रंश तिथूनच जातो.

आणि तो अगदीच मेलेला आहे असंही नाही. त्याच्याजवळच्या कॉमरी गावाला १८३९ मध्ये भूकंपाचा चांगलाच धक्का बसला होता. पुढे १८७४ साली तिथे भूकंपाच्या नोंदी घेण्यासाठी खास भूकंपघर बांधलं. त्यातलं जुनं उपकरण मला फार आवडतं: वेगवेगळ्या जाडीच्या लाकडी खुंट्या नुसत्या उभ्या करून ठेवायच्या. कुठली पडली यावरून धक्क्याचा जोर, आणि कुठल्या बाजूला पडली यावरून दिशा.